रायझोबियमच्या पाकिटात खरंच जिवाणू असतात, की नुसती माती?

तुमचा पूर्ण प्रश्न असा आहे : "सूक्ष्मजीवांची जनुकं कशी चालतात, ते जगतात कसे, हे शास्त्रज्ञांना आता एवढं कळलंय म्हणतात. मग आमच्या हरभऱ्याला रायझोबियमचं पाकीट का लागू पडत नाही? आत नुसती मातीच तर नसते?"

"नुसती माती" वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. हे शब्द मी 2009 साली आमच्याच वावरात, चार माणसांसमोर ऐकले आहेत. गाव अमळनेर तालुक्यातलं. मी तेव्हा जळगावला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. दिवाळीच्या सुटीत येताना हरभऱ्याच्या रायझोबियमची पाकिटं घेऊन आलो. रायझोबियम म्हणजे डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून त्यात हवेतलं नत्र झाडाला मिळवून देणारा जिवाणू. ज्या वावरात पेरायचं होतं तिथे कित्येक वर्षं कपाशी आणि दादर (रब्बी ज्वारी) याशिवाय काही नव्हतं, म्हणजे हरभऱ्याचे जिवाणू जमिनीत आधीपासून नसणार, म्हणून मला फार उमेद होती. आबांनी (माझे वडील) हो म्हटलं. पण शेतीचा कारभार थोरल्या चुलतभावाकडे. त्याला आम्ही सगळे भाऊच म्हणतो.

भाऊंनी काय केलं, तर घमेल्यात बियाणं घेतलं, त्यावर थायरम हे बुरशीनाशक टाकलं, त्यातच माझी पाकिटं फोडली, पाणी शिंपडलं आणि सगळं उन्हात पसरून दिलं. मी थांबा म्हणालो, तर म्हणाले, "तुनं शिक्षण तुनापाशी ठेव." वीस-बावीस दिवसांनी वर एकरी पोतंभर युरियाही फेकला. चाळीस दिवसांनी मी परत आलो तेव्हा भाऊंनी झाडं उपटून दाखवली. मुळं साफ, गाठीचा पत्ता नाही. शेजारची दोन माणसं आणि सालदार उभे होते. भाऊ म्हणाले, "पाकिटमा काय व्हतं? काळी माटी. पैसा वाया ग्यात."

ती काळी भुकटी लिग्नाइटची, म्हणजे एका प्रकारच्या कोळशाची असते. जिवाणूंना ओल धरून बसायला जागा हवी म्हणून वापरतात. सरकारी निकषाप्रमाणे त्या भुकटीच्या एका ग्रॅममध्ये निदान 5 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. त्या दिवशी त्या होत्याही असतील. पण बुरशी मारायचं औषध, वरून ऊन, म्हणजे जमिनीत पडायच्या आधीच त्यांचा निकाल लागला होता. आणि ज्या वाचल्या असतील त्यांना युरियाने निकामी केलं.

हे युरियाचं कोणी नीट समजावत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हवेत नत्र भरपूर आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की खत कारखान्यात ते फोडायला चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. रायझोबियम तेच काम हिवाळ्यातल्या गार जमिनीत करतो, नायट्रोजनेज नावाच्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर. पण ते फुकट होत नाही. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या नाण्याचे, 16 रेणू खर्ची पडतात. ही ऊर्जा येते झाडाने पुरवलेल्या साखरेतून. मुळाशी युरियाचं तयार नत्र असेल तर झाड ही साखर कशाला घालेल? ते गाठी धरतच नाही, किंवा धरलेल्या उपाशी ठेवतं. हरभऱ्याला शिफारस हेक्टरी 25 किलो नत्राची आहे, तीही पेरतानाच द्यायची. एकरी एक पोतं डीएपी दिलं की ती जवळपास भागते. त्यावर युरिया टाकणं म्हणजे पाकिटाचेही पैसे घालवणं आणि युरियाचेही.

दुसरी गोष्ट, पाकीट कोणत्या पिकाचं आहे ते बघा. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही. मूळ जमिनीत काही द्रव्यं सोडतं, ती त्याची हाक समजा. जिवाणूत ती ओळखणारं एक प्रथिन असतं. ओळख पटली की 'नॉड' नावाच्या जनुकांचा गट जागा होतो आणि जिवाणू आपला रेणू बाहेर सोडतो. तो पोचला की मुळाचा केस वाकडा होऊन जिवाणूला आत घेतो. त्या रेणूची रचना 1990 मध्ये उलगडली. प्रत्येक पिकाची हाक वेगळी आणि जिवाणूचा जबाबही वेगळा. एवढं कळायला जगाला शंभर वर्षं लागली. गाठीतून जिवाणू पहिल्यांदा वेगळा काढला तो बायरिंक या डच शास्त्रज्ञाने, 1888 साली.

पुढच्या वर्षी मी आबांकडे फक्त दोन पट्टे मागितले. औषध आदल्या दिवशी चोळून बी सुकवलं. गूळपाणी उकळून गार केलं, त्यात पाकीट कालवलं, दहा-पंधरा किलो बियाण्याला एक, आणि सावलीत पसरून लगेच तिफणीवर घेतलं. एका पट्ट्यात भाऊंचा युरिया पडला, दुसऱ्यात नाही. चाळिसाव्या दिवशी आबा आणि मी कुदळीने झाडं खणली. युरियाच्या पट्ट्यात बारक्या, फिकट पांढऱ्या गाठी, त्याही मोजक्या. दुसऱ्यात एकेका झाडाला पंधरा-वीस. मी नखाने एक गाठ चिरली, तर आतून गुलाबी, ताज्या मांसासारखी. आबांनी ती हातावर घेतली आणि विचारलं, "हाई रगत शे का?"

मी सांगितलं, जवळपास रक्तच आहे. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, त्याचाच भाऊबंद गाठीत असतो, लेगहिमोग्लोबिन. नायट्रोजनेजला प्राणवायू लागला की ते बिघडतं, पण जिवाणूला श्वासाला तर प्राणवायू हवाच. म्हणून तो तांबडा पदार्थ प्राणवायू धरून ठेवतो आणि मोजून देतो. जिवाणूतही एक प्रथिन प्राणवायू किती आहे ते चाचपत असतं आणि तो पुरेसा कमी झाल्यावरच नत्राची जनुकं चालू करतं. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ती गाठ तशीच हातावर घेऊन शेजारच्या वावरात दाखवायला गेले. त्यानंतर दरवर्षी पाकिटं माठाशेजारी, ओल्या गोणपाटाखाली, ते स्वतः ठेवायचे.

भाऊंनी मात्र आजपर्यंत मान्य केलेलं नाही. त्यांचं म्हणणं, हा फरक पावसाचा. दोन्ही पट्ट्यांवर एकच पाऊस पडला होता, भाऊ.

आता "शास्त्रज्ञांना एवढं कळलंय तर" या भागाबद्दल. कळलंय त्याचा उपयोग तुमच्या वावरात आधीपासून आहे. आपल्या खान्देशची बीटी कपाशी 2002 पासून एका जिवाणूच्या जनुकावर उभी आहे. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन अळीच्या आम्लारी (अल्कधर्मी) आतड्यात विरघळतं आणि आतड्याच्या पेशींना भोकं पाडतं. गुलाबी बोंडअळीने पुढे त्यावरही मात केली, हे तुम्हाला सांगायला नको. पण प्रयोगशाळेतला जिवाणू आणि मातीतला जिवाणू यांच्या जगण्यात फार अंतर आहे. बाटलीत तो पोटभर खातो, मातीत बहुतेक वेळ उपाशी असतो, उन्हात तापतो, आणि तिथे आधीच ठाण मांडलेले त्याचे भाऊबंद त्याला मुळापर्यंत पोचू देत नाहीत. न्यूझीलंडमध्ये तर लोटस नावाच्या चाऱ्याच्या पिकात वेगळंच आढळलं. पेरताना लावलेल्या जिवाणूंनी गाठी धरायच्या जनुकांचा अख्खा संच मातीतल्या स्थानिक जिवाणूंना देऊन टाकला होता, आणि सात वर्षांनी बघितलं तर बहुतेक गाठींत ते स्थानिकच बसलेले. म्हणजे पाकिटातून आपण एक जिवाणू टाकतो, पुढे त्याचं काय होईल ते जमीन ठरवते.

म्हणून हेही सांगितलं पाहिजे : तुमच्या वावरात दरवर्षी हरभरा असेल तर जमिनीत त्याचे जिवाणू आधीच असणार, आणि पाकिटाने डोळ्यांत भरण्यासारखा फरक पडेलच असं नाही. आमच्या त्या पट्ट्यातही एकरी एखादं पोतंच जास्त निघालं. आणि कपाशीला अ‍ॅझोटोबॅक्टर हा मातीत मोकळा राहून नत्र धरणारा जिवाणू टाकून युरिया निम्मा करा, असं कोणी सांगत असेल तर माझा त्यावर विश्वास नाही. त्या जिवाणूला झाड गाठीत बसवून साखर भरवत नाही. त्याला मातीतल्या सेंद्रिय कर्बावर जगावं लागतं, आणि आपल्या जमिनीत तोच कमी.

पाकीट घेताना तारीख बघा. मे महिन्यापासून पत्र्याच्या दुकानात पडून असलेलं असेल तर घेऊ नका, जळगावचा उन्हाळा त्यातलं काही शिल्लक ठेवत नाही. घरात शिकलेलं पोरगं असेल तर बियाण्याच्या घमेल्याजवळ त्याला उभं करा आणि त्याचं ऐका. दोन तासच लागतात. माझ्या वेळी ते दोन तास मिळाले नाहीत.

चाळिसाव्या दिवशी दहा झाडं काढा, पण उपटू नका, गाठी मातीतच राहतात. कुदळीने खणा, मुळं पाण्यात धुवा, गाठ नखाने चिरा आणि आत कोणता रंग निघाला ते मला इथेच खाली कळवा. पांढरा निघाला तर युरिया किती आणि कधी टाकला होता, तेही लिहा.