हरवलेले पार्सल, ‘दार बंद’चा शेरा आणि नोटिशीची पोचपावती

प्रश्न : आम्ही येवल्यात घरच्या हातमागावर पैठणी विणून विकतो. एका ग्राहक बाईंना पाठवलेली २८ हजारांची पैठणी खासगी कुरिअरकडून वाटेत गहाळ झाली. त्यांच्या पावतीवर मालाच्या रकान्यात नुसते ‘कपडे’ लिहिले आहे आणि मागे छापलेल्या अटीप्रमाणे १०० रुपयेच मिळतील, असे सांगतात. काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि अवश्य करावे. आधी पावतीवर तुमची सही आहे का, ते पाहा. भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कुरिअरची जबाबदारी १०० डॉलरपुरती मर्यादित ठेवली होती, कारण ती मर्यादा घालणाऱ्या कागदावर ग्राहकाची सही होती. मात्र जिथे सही नाही आणि अटी कोणी वाचून दाखवलेल्या नाहीत, तिथे पाठीमागची बारीक अक्षरे ग्राहकाला बांधून ठेवत नाहीत, अशी भूमिका ग्राहक आयोगांनी अनेक प्रकरणांत घेतली आहे. ‘तुम्ही व्यापारी, म्हणजे ग्राहक नव्हेच’ हा आक्षेपही येईल. त्यावर उत्तर असे की स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी विकत घेऊन वापरलेल्या वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी हेतूतून वगळल्या आहेत. त्या तरतुदीत सेवांचा स्पष्ट उल्लेख नाही, तरी त्याच तत्त्वाने घरच्या मागावर विणणारे कुटुंबही ग्राहक ठरावे, असे माझे मत आहे.

‘कपडे’ या मोघम शब्दामुळे किंमत सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येईल. बिल, पैसे जमा झाल्याची नोंद, ग्राहकाशी झालेले व्हॉट्सअॅपवरील बोलणे आणि पैठणीचे फोटो आजच एकत्र करा. कंपनीला लेखी तक्रार द्या, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवा आणि तरीही दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची आहे. शुल्क सेवेसाठी मोजलेल्या रकमेवरून ठरते आणि ५ लाखांपर्यंत ते शून्य आहे, त्यामुळे कुरिअरला दिलेल्या पैशांचा विचार करता तुम्हाला काहीच भरावे लागणार नाही.

यापुढे पावतीवर ‘हातमाग पैठणी, नग १’ आणि पूर्ण किंमत लिहून घ्या, विमा उतरवा. पोस्टाने पाठवतानाही विमा टाळू नका : विमा नसलेले स्पीड पोस्ट हरवल्यास शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम, अशीच भरपाईची तरतूद वर्षानुवर्षे चालत आली आहे.

प्रश्न : वडिलांची औषधे ऑनलाइन मागवली होती. आम्ही दिवसभर घरी असताना ट्रॅकिंगवर ‘दार बंद’ असे आले. दाद कोणाकडे मागायची?

उत्तर : तुमचा व्यवहार विक्रेत्याशी झालेला आहे, म्हणून प्रथम त्यालाच धरा, कुरिअरवाल्याकडे बोट दाखवून त्याला सुटता येत नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिनाभरात निवारण करणे बंधनकारक आहे. त्या शेऱ्याचा वेळेसह स्क्रीनशॉट आणि त्या दिवशीची फोनची कॉल यादी जपून ठेवा, कारण फोन आलाच नव्हता हे त्यातूनच दिसते. औषधांसाठी मात्र तक्रारीच्या निकालाची वाट पाहू नका. ती जवळच्या दुकानातून घ्या आणि बिल ठेवा.

प्रश्न : भाडेकरूला नोटीस द्यायची आहे. रजिस्टर पोस्ट बंद झाले म्हणतात. मग पुरावा कसा राहणार?

उत्तर : १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, पण त्याचा गाभा शिल्लक आहे. साधे स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर देतात, घरातले कोणीही ते घेऊ शकते. नोंदणीची जोड घेतल्यास ते त्याच व्यक्तीच्या किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती पडते. यासाठी ५ रुपये आणि जीएसटी जास्त लागतो. काउंटरवर ‘नोंदणीसह’ असे स्पष्ट सांगा आणि ते पावतीवर छापले गेले की नाही, हे तिथेच उभे राहून वाचा. भाडेकरूने पाकीट नाकारले, तरी घाबरू नका. योग्य पत्त्यावर पाठवलेली आणि ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ अशा शेऱ्याने परत आलेली नोटीस बजावली गेली असे मानता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली अलवी हाजी प्रकरणात स्पष्ट केले आहे. ते परत आलेले पाकीट फोडू नका. शेऱ्यासह, बंदच वकिलांकडे द्या.

प्रश्न : ‘पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत दुरुस्त करा’ असा पोस्टाच्या नावाने संदेश आला. लिंक उघडावी का?

उत्तर : उघडू नये. हा फसवणुकीचा प्रकार असून पोस्ट खाते असे संदेश पाठवत नाही, असा खुलासा सरकारकडून झालेला आहे. खरेच काही येणार असेल, तर पाठवणाऱ्याकडून १३ अक्षर-अंकी क्रमांक घ्या आणि पोस्टाच्या अधिकृत संकेतस्थळावर तो स्वतः टाकून पाहा. कार्डाचा तपशील आधीच भरला असेल, तर बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात वळते होण्याआधी ते रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.