रेकॉर्ड सापडली, आता माणूस शोध

प्रिय पोरी,

तुझा मेल मिळाला, सोबतचे लेबलांचे फोटोही नीट बघितले, गाणीही ऐकली, आणि खूप आनंद झाला, कारण ओहायोत राहून तिथल्याच सोल आणि फंकच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या, जुन्या फॉर्टीफाइव्ह (मिनिटाला 45 फेऱ्यांच्या, एका बाजूला एक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड) गोळा करणारी मराठी मुलगी मला आजवर भेटली नव्हती. तू विचारलंयस की काका, आता माझ्याकडे पुरेशा रेकॉर्ड झाल्यात, यातली चौदा गाणी निवडून कंपायलेशन, म्हणजे निवडक गाण्यांची एकत्र रेकॉर्ड, कसं काढू आणि कुठल्या लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे, जाऊ. तर ते काम सगळ्यात शेवटचं. आधी मला एवढं सांग की त्या चौदा गाण्यांपैकी किती गायकांचा ठावठिकाणा तुला माहितीये? कोण जिवंत आहे, कोण गेलं, मुलं कुठे असतात? नसेल माहीत तर तुझ्याकडे चांगला संग्रह आहे, पण कंपायलेशनची अजून सुरुवातच झालेली नाही, आणि हे मी तुला नाउमेद करायला सांगत नाहीये, उलट खरी मजा आता सुरू होते म्हणून सांगतोय.

तू जिथे बसलीयेस ती जागा किती श्रीमंत आहे ते बघ ना. ओहायोतल्याच सिनसिनाटीत सिड नेथननी 1943 मध्ये किंग रेकॉर्ड्स ही कंपनी सुरू केली, तिथे ब्रूस्टर अव्हेन्यूवर एकाच ठिकाणी रेकॉर्डिंग, प्रेसिंग (रेकॉर्ड छापणं), कव्हरची छपाई सगळं व्हायचं, सोल आणि फंकचा मोठा गायक जेम्स ब्राऊन, त्यानं कितीतरी रेकॉर्डिंग तिथे केलं. डेटन म्हणजे तर फंकचं माहेरघर, ओहायो प्लेयर्स, स्लेव्ह, लेकसाइड हे बँड सगळे तिथले. आणि खुद्द तुझ्या कोलंबसमध्ये बिल मॉसचं कॅपसोल लेबल. हा माणूस रेडिओवर डीजे होता, पुढे शहराच्या स्कूल बोर्डावर निवडून गेला, आणि मधल्या काळात 70 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं हे छोटं लेबल चालवलं, मोजके सिंगल (एकेका गाण्याच्या रेकॉर्ड) काढले आणि ते बंद पडलं. शिकागोत 2003 ला न्यूमेरो ग्रुप हे जुनी गाणी पुन्हा काढणारं लेबल सुरू झालं आणि त्यांनी पुढच्या वर्षी पहिलं रिलीज काढलं ते या कॅपसोलचंच होतं. म्हणजे आज जगभर ज्या लेबलचं नाव घेतात त्यांचा पहिला दगड तुझ्या गावातला आहे. ते ऐक, आणि ऐकताना त्याची पुस्तिका हातात धरून ऐक, कारण त्यांनी नुसती गाणी ओळीनं लावलेली नाहीत, एका शहरातल्या लोकांनी काय करायचा प्रयत्न केला ते सांगितलंय.

आता तुझ्या यादीबद्दल. मला स्पष्ट बोलावं लागेल, यादीतली निम्मी गाणी फक्त दुर्मिळ आहेत. दुर्मिळ असणं हा गाण्याचा गुण नाही, तो त्या वेळच्या वितरणाचा परिणाम आहे. गावातल्या एखाद्या दुकानदारानं पदरचे पैसे घालून काहीशे प्रती छापल्या, गाडीच्या डिकीत टाकून रेडिओ स्टेशन ते रेडिओ स्टेशन फिरला, कुणी वाजवलं नाही, संपलं. त्यातली काही गाणी जबरदस्त आहेत आणि बरीचशी साधारण आहेत. इकडे ब्रिटनमध्ये नॉर्दर्न सोलवाल्यांनी, म्हणजे फारशा न गाजलेल्या जुन्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचणाऱ्यांनी, दुर्मिळतेचं वेड टोकाला नेलं, विगन कसिनो या डान्स क्लबच्या काळात डीजे लोक लेबलवर पांढरा कागद चिकटवायचे, प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये म्हणून. गायक फ्रँक विल्सनचा 1965 चा, मोटाउन या मोठ्या सोल कंपनीच्या एका उपलेबलवरचा सिंगल घे, इतक्या कमी प्रती उरल्या की 2009 मध्ये एक प्रत 25,742 पौंडाला गेली. ते गाणं सुदैवानं सुंदर आहे, रिकाम्या डान्स फ्लोअरवर माणसं ओढून आणतं, म्हणून ते टिकलं. किंमत नंतर आली. तेव्हा यादीतल्या प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचार, ही रेकॉर्ड दोन डॉलरच्या खोक्यात शंभर ठिकाणी मिळत असती तरी मी ती इथे घेतली असती का?

यासाठी तुला डेव्ह गोडिन या ब्रिटिश संगीत-लेखकाचं काम बघायला सांगेन. नॉर्दर्न सोल हे नाव त्यानंच दिलं, पण त्याचा स्वतःचा जीव होता संथ, काळीज पिळवटणाऱ्या गाण्यांवर, ज्याला तो डीप सोल म्हणायचा, आणि 1997 पासून त्यानं केंट या ब्रिटिश लेबलवर त्याच्या कंपायलेशनचे चार खंड केले. त्यात महाग गाणी आहेत, स्वस्त आहेत, बऱ्यापैकी माहितीतली पण आहेत, पण सलग ऐकलं की कळतं की एका माणसाचा कान आणि विश्वास यामागे आहे. तो विश्वास तुझ्या यादीत अजून दिसत नाही, दिसेल.

माणसं शोधायची कशी, तर सुरुवात रेकॉर्डवर चिकटवलेल्या कागदी लेबलपासूनच. नुसतं गायकाचं नाव वाचू नकोस, कंसातली बारीक नावं वाच, ते गीतकार. बाजूला पब्लिशिंग कंपनीचं नाव असतं आणि त्याखाली बीएमआय किंवा अॅस्कॅप, गीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या या दोन्ही संस्थांची यादी ऑनलाइन फुकट शोधता येते. मग रेकॉर्ड तिरकी धरून लेबलच्या कडेची मोकळी जागा बघ, डेडवॅक्स, तिथे कोरलेले नंबर असतात. तुझ्याकडच्या बऱ्याच फॉर्टीफाइव्ह सिनसिनाटीच्या राइट कंपनीत छापलेल्या दिसतायत, चर्चपासून शाळेच्या बँडपर्यंत कुणालाही ते पैसे घेऊन छापून द्यायचे आणि त्यांच्या नंबरांवरून साल बऱ्यापैकी अचूक काढता येतं. पुढे अमेरिकन कॉपीराइट ऑफिसचे नोंदणीचे जुने खंड स्कॅन झालेत, ते चाळ. कृष्णवर्णीयांची त्या काळातली वर्तमानपत्रं, ओहायोत कॉल अँड पोस्ट, लायब्ररीत मायक्रोफिल्मवर असतात, तिथल्या क्लबच्या जाहिरातींत तुझे बँड सापडतील, कोणत्या शुक्रवारी कुठे वाजवत होते तेसुद्धा. आणि चर्च! कितीतरी गायक परत चर्चमध्ये गेले, रविवारी क्वायरमध्ये उभं असलेल्या सत्तरीतल्या बाईंनीच 1969 मध्ये तुझ्या रेकॉर्डवरची ती किंकाळी फोडलेली असते.

मग फोन. पहिल्या फोनवर पैसे, करार, रिलीज काही बोलू नकोस, त्या दिवशी स्टुडिओत कोण कोण होतं ते विचार. मला एका म्हाताऱ्या ड्रमरनी आधी विचारलं होतं की तू माझ्याकडून किती पैसे मागणार आहेस, इतक्या वेळा त्याला फसवलं गेलं होतं, तर त्यांचा संशय अंगावर घेऊ नकोस, तो त्यांनी कमावलेला आहे. द विन्स्टन्स या बँडचं बघ, 1969 च्या एका बी साइडवरचा (सिंगलच्या मागच्या बाजूवरचा) जेमतेम सहा-सात सेकंदांचा ड्रम ब्रेक, म्हणजे फक्त ड्रम वाजतात तो तुकडा, तो हजारो गाण्यांत वापरला गेला, आणि तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन 2006 मध्ये बेघर अवस्थेत गेला, त्यातला पैसा त्याला कधी मिळाला नाही. आपण हे काम फसवणाऱ्यांच्या त्याच रांगेत उभं राहून करायचं नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते आणि यावर मी तुझ्याशी कधीही तडजोड करणार नाही.

हक्कांचं नीट समजून घे. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, रेकॉर्डिंगचा एक आणि गाण्याच्या रचनेचा दुसरा. रेकॉर्डिंग बहुतेक वेळा लेबलमालकाचं किंवा त्याच्या वारसांचं असतं, पण त्यानं ते मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) तेव्हा एखाद्या मोठ्या कंपनीला लीजवर दिलं होतं का हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. कागद मागव, साधी पावती असली तरी चालेल. अमेरिकेत 15 फेब्रुवारी 1972 च्या आधीचे रेकॉर्डिंग फेडरल (केंद्रीय) कॉपीराइटमध्ये नव्हते म्हणून काही लोक अजून सांगत फिरतात की ते मोकळं आहे, तसं नाहीये, 2018 च्या कायद्यानं त्यांनाही संरक्षण मिळालंय आणि 60 च्या दशकातलं रेकॉर्डिंग 2067 पर्यंत सुरक्षित आहे. रचनेसाठी प्रत्येक छापलेल्या प्रतीतल्या प्रत्येक गाण्यामागे ठरलेला दर असतो, त्याला मेकॅनिकल म्हणतात, 2006 पासून कितीतरी वर्षं 9.1 सेंट होता, 2023 ला 12 झाला आणि आता महागाईप्रमाणे वाढतो. म्हणजे चौदा गाणी आणि हजार प्रती 12 सेंटनं धरल्या तरी फक्त रचनेचेच सतराशे डॉलरच्या आसपास होतात, हा हिशोब आधी कर, मग कव्हरची स्वप्नं बघ. आणि गायकाचं नाव कागदोपत्री हक्कदार म्हणून नसलं तरी त्याला काहीतरी द्यायचं, आणि प्रती द्यायच्या, हे स्वतःच्या बजेटमध्ये आधीच लिहून ठेव.

आवाजाबद्दल थोडक्यात. मूळ टेप मिळाली तर उत्तम, पण 70 च्या मधल्या काळानंतरच्या काही टेप चिकट होतात, त्या 50-55 डिग्रीला काही तास तापवून मगच वाजवतात, ते काम जाणकाराकडेच दे, घरच्या ओव्हनमध्ये अजिबात नको. टेप नसेल तर सगळ्यात स्वच्छ फॉर्टीफाइव्ह, पण ती व्हायनिल आहे की स्टायरीन, म्हणजे कुठल्या प्लास्टिकची, ते बघ, स्टायरीन फार लवकर झिजतं, घासलेल्या सुईनं एकदा वाजवली तरी खर्रर्र कायमची बसते. आणि खरखर काढताना हात आवरता घे, झांजांचा श्वास गेला की फंक मेलं.

क्रम लावताना एलपीची (मोठ्या रेकॉर्डची) एक बाजू अठरा-वीस मिनिटांची धर. मध्याजवळच्या आतल्या खाचांमध्ये आवाज फाटतो, म्हणून प्रत्येक बाजूच्या शेवटी संथ गाणं ठेव, धडाकेबाज ब्रासवालं (ट्रम्पेटसारख्या वाद्यांचं) गाणं तिथे लावलंस तर त्याचा जीव जाईल.

आता लगेच करायचं काम. फोटोत डावीकडून तिसरी जी निळ्या लेबलची फॉर्टीफाइव्ह आहे, बी साइड, तिचं ऑर्गन ऐकून मी बराच वेळ दुसरं काही लावलं नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे डेडवॅक्स नंबर आणि फोटोत अस्पष्ट दिसणारी कंसातली गीतकारांची नावं नीट वाचून मला पाठव. त्यातलं एक आडनाव डेटनच्या बाजूचं वाटतंय, तिथल्या लायब्ररीत जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या असतील, 1968 ते 1972 च्या काढ, आणि रविवारी जमलं तर तिकडे एक चक्कर मार.

तुझा,
काका