रुईवरचा लाल-काळा किडा कोणता?

प्रश्न : आमच्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर रुई माजली आहे. तिच्या शेंगांवर लाल-काळ्या किड्यांचा नुसता खच पडलाय, फोटो पाठवतो. कापूस डागाळणारा लाल ढेकण्याच ना हा? फवारू का? (एक वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : आधी पंप खाली ठेवा! फोटोतला किडा स्पिलोस्टेथस. लाल ढेकण्याचा भाऊबंद, पण कुळ वेगळं. हा रुईचा रस अन् बिया खातो. एखादा उलटा करून पाहा. लाल ढेकण्याच्या पोटावर पांढरे आडवे पट्टे असतात, डोक्यामागे पांढरी कॉलर. याला ते नाहीत. भिंगातून मोठ्या डोळ्यांमधे दोन बारीक चकाकते ठिपके दिसतील. ते साधे डोळे, लाल ढेकण्याला नसतातच. रुईवरचा राहू द्या. पोटावर पट्टेवाला बोंडांवर दिसला, तर मात्र लक्ष ठेवा, कापूस डागाळतो.