राग आवरत नाही, हातातली वस्तू फेकली जाते. मानसोपचाराने खरंच फरक पडतो का? औषध घ्यावंच लागतं का?

फरक पडतो. पण मित्र म्हणतात तसं ‘उशी बडव, मोकळा हो’ हे आजपासून बंद. 2002 साली मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात चिडवणाऱ्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारे जास्त चिडले. नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत राहिले. राग म्हणजे कुकरची वाफ नव्हे. बडवत राहिलं की बडवणंच अंगवळणी पडतं. चांगली शिकलेली माणसंही हा सल्ला देतात, याची मला मनापासून चीड येते.

तुम्ही लिहिलेलाच प्रसंग घ्या. ठाण्याच्या घोडबंदर रोडला दीड तास अडकलात, रिक्षा आडवी घुसली, घरी बायकोनं ‘उशीर झाला?’ एवढंच विचारलं आणि मोबाईल भिंतीवर. राग दारात आला असं तुम्हाला वाटतं. तो वाटेत कापूरबावडीलाच 10 पैकी 5 वर होता. म्हणून रोज वहीत लिहा: वेळ, प्रसंग, अंगात काय झालं (जबडा, मुठी, कानशिलं), रागाचा आकडा आणि डोक्यात आलेलं नेमकं वाक्य. त्या वाक्यात बहुधा एक ‘च’ सापडतो: ‘घरी मला शांतता मिळालीच पाहिजे.’ मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच ‘च’वर काम करते. ‘मिळाली तर बरं’ म्हटलं की चीड उरते, पण हात उठत नाही.

आकडा 4-5 असतानाच उठा. 8 वर गेल्यावर काही सुचत नाही. ‘मी तापतोय, अर्ध्या तासात येतो’ हे वाक्य बायकोशी आधीच ठरवून ठेवा. पायी फिरा, गाडी नको, बार नको, मनात भांडण घोळवणं नको. आणि परत येऊन विषय पुरा करा, नाहीतर ते नुसतं रुसून जाणं होतं. दीर्घ श्वसन शांत असताना रोज दोनदा 5 मिनिटं करा. ऐन भडक्यात पहिल्यांदा केलं तर फसतं.

आठवड्याला एक अशी मानसोपचाराची साधारण 12 सत्रं धरा. औषध सगळ्यांना लागत नाही, ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन 14416 वर मोफत आहे.

हो, दारू, अपुरी झोप, थायरॉइड, डोक्याला जुना मार, बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) हेही आधी तपासून घ्या. आणि हात माणसावर उठला असेल, तर ‘उपचार चालू आहेत’ म्हणून बायकोनं घरात थांबावं असं कुणी तिला सांगू नये. 181 ही महिला हेल्पलाइन तिच्या फोनमध्ये असू द्या.