स्टेजवरचे सर आणि बाबांच्या वह्या

पत्र: ताई, आमचा जुन्या हिंदी गाण्यांच्या वेड्यांचा ग्रुप आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, तबकड्या ऐकायच्या, पोहे-चहा, मग घरी. त्यातले एक गृहस्थ निवेदक म्हणून आता चांगलेच नावारूपाला आलेत. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. माझ्या बाबांनी रेडिओ सिलोन (श्रीलंकेहून हिंदी गाणी लावणारं केंद्र) ऐकून गाण्यांच्या माहितीने भरलेल्या पाच वह्या त्यांनी ‘चार दिवसांसाठी’ नेल्या, त्याला तीन वर्षं झाली. वह्यांतली माहिती आता स्टेजवरून ‘माझ्या संशोधनात असं आढळलं’ म्हणून ऐकू येते. मध्यंतरी कॉलेजातल्या एका मुलाने त्यांची चूक दाखवली, तर सगळ्यांसमोर त्याची टर उडवून त्याला ग्रुपमधून काढलं. बाबा म्हणतात, जाऊ दे. मला वाटतं, पुढच्या कार्यक्रमात हॉलमध्ये उभं राहून सगळं बोलून टाकावं. की ही माझी असूया आहे?
– एक कानसेन, सांगली

उत्तर: प्रिय कानसेन,

असूया थोडी असेलही. बापाच्या मेहनतीवर दुसऱ्याला शाल-श्रीफळ मिळताना बघून पोटात काहीच ढवळलं नाही, तर तेच नवल. पण त्याने तुमची तक्रार खोटी ठरत नाही.

हॉलमध्ये मात्र उभ्या राहू नका. लोक तिकीट काढून गाणी ऐकायला आलेले असतात. मध्येच कुणी वह्यांचा विषय काढला, तर तेच तुम्हाला खाली बसवतील. सर माइकवरून म्हणतील, ‘ताईंच्या वडिलांबद्दल मला नितांत आदर आहे.’ टाळ्या पडतील, पुढचं गाणं सुरू होईल आणि वह्या पुन्हा मागायची सोय उरणार नाही.

त्या वह्या म्हणजे काय चीज आहे, हे तुमच्या ग्रुपमधल्या नव्या मंडळींना ठाऊक आहे का? सिलोनवर सकाळी साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी लागायची आणि शेवटचं गाणं सैगलचं. निवेदक एकदाच सांगणार: चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. खरखरीत नाव विरलं तर विरलं. मग तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं आणि पुढे कधीतरी तेच गाणं पुन्हा लागेपर्यंत थांबायचं. मी अशा वह्या पाहिल्यात. समासात बारीक अक्षरात नंतर भरलेलं नाव असतं, शाई वेगळी असते. हे कारकुनी काम नव्हे. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचे दशकवार कोश केले, त्या तऱ्हेच्या कामाला गावोगावच्या अशाच माणसांनी हात लावलेला असतो. तेव्हा स्टेजवरून ‘माझ्या संशोधनात’ हे शब्द आले की तुमचा जीव जळतो, ते मला पूर्ण समजतं.

आणि गंमत बघा, श्रेयाची ही किंमत जुन्या गाण्यांच्या माणसांना तरी कळायला हवी. 1949च्या ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ तबकडीवर आलं, तेव्हा गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. श्रोत्यांनी रेडिओला विचारून विचारून भंडावलं, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत पोचलं. हा किस्सा तुमच्या सरांनी स्टेजवरून नक्की सांगितला असणार, तोही गळा दाटून!

सर मुळात वाईट असतील असं मला वाटत नाही. तुम्हीच लिहिलंय (वर ते छापलेलं नाही), की पूर्वी ते स्कूटरवरून यायचे, जमिनीवर मांडी घालून तबकडी कडेने धरून मऊ फडक्याने पुसायचे आणि बाबांना ‘काका, हे पुन्हा लावा ना’ म्हणायचे. तो जीव खरा होता. कौतुकाची चटक लागायला माणूस खोटा असावा लागत नाही. झारखंडमधलं झुमरी तिलैया बघा. अभ्रकाच्या खाणींचं गाव, देशभर माहीत झालं ते रेडिओवरच्या फर्माइशींमुळे. निवेदकाच्या तोंडून आपलं नाव ऐकू यावं म्हणून तिथली माणसं पत्रांवर पत्रं पाठवत. प्रतिस्पर्ध्याची पत्रं टपालातच गाळली जावीत म्हणून काहींनी पोस्टात हात ओले केल्याचे किस्सेही सांगतात. पैसा नाही, पद नाही, नुसतं नाव. तेही क्षणभर, आणि वीस नावांच्या रांगेत.

मोठ्या नटाला निदान शुक्रवार असतो. चित्रपट पडला की त्याला कळतं. पेपरवाले झोडतात, निर्माता फोन उचलत नाही. तुमच्या सरांना शुक्रवारच नाही. तेच तीनशे लोक, तेच हॉल, तीच वाहवा. साल चुकलं तरी टाळी, चाल कुणाची हे चुकलं तरी टाळी. अशा माणसाला वर्षानुवर्षांत एकदाच कुणीतरी ‘सर, हे असं नाही’ म्हणतं, तर ते त्याला दुरुस्ती वाटत नाही, हल्ला वाटतो. त्या पोराचं नेमकं तेच झालं.

आता थोडं कडू बोलते. हा शुक्रवार काढून कुणी घेतला? तुम्ही सगळ्यांनी मिळून. त्या मुलाची टर उडाली तेव्हा हसण्याचे इमोजी कुणी टाकले, ते ग्रुपच्या चॅटमध्ये एकदा वर जाऊन बघा. दुर्मिळ गाणं ‘ऐकवतो, पण देणार नाही’ म्हणणाऱ्याला आपण दर्दी म्हणतो. गाण्याच्या मधोमध स्वतःच्या नावाची घोषणा चिकटवून ते फिरवणाऱ्याला आपण अंगठे देतो. आणि वह्यांचं तीन वर्षांत तुम्ही किती वेळा स्पष्ट विचारलंत? पत्रावरून तरी वाटतं, ‘झाल्या का बघून?’ याच्या पुढे गाडी गेलेली नाही. सरांच्या ओळखीने पुढच्या रांगेतल्या खुर्च्या मिळत होत्या, हेही त्यात असेल. रागावू नका, माणूस असंच वागतो.

तर आधी बाबांना विचारा. ‘जाऊ दे’ म्हणजे त्यांना वह्या नकोत, की भांडण नको? म्हाताऱ्या माणसांच्या ‘जाऊ दे’मध्ये पुष्कळ काही असतं. त्यांना वह्या हव्या असतील आणि नाव नको असेल, तर तुम्ही नावासाठी लढू नका. ती लढाई तुमची होईल, त्यांची नाही.

वह्यांसाठी सरांच्या घरी जा. फोन नको, ग्रुपवर तर अजिबात नको. ग्रुपमधलं एखादं जुनं, शांत माणूस बरोबर घ्या, शक्यतो ज्याच्यासमोर सरांनी वह्या नेल्या होत्या ते. म्हणा, ‘बाबांना वह्या हव्यात, आज घेऊनच जाते.’ कारण देत बसू नका, कारण दिलं की त्यावर चर्चा होते. ‘शोधून ठेवतो’ असं उत्तर आलं, तर तिथल्या तिथे तारीख ठरवा आणि घरी आल्यावर साधा मेसेज टाका: पाच वह्या, अमुक वारी परत देण्याचं ठरलं. पुढेमागे लेखी काहीतरी हाताशी असू द्या. वकिलाचा विचार त्या तारखेनंतर. वह्या आल्या की त्याच आठवड्यात पान न् पान स्कॅन करून घ्या, मग कुणी मागितल्या तर प्रत द्या.

श्रेयाचं त्याच भेटीत बोला, पण वह्या हातात पडल्यावर. एकच वाक्य: ‘यातलं काही स्टेजवर सांगाल तेव्हा बाबांचं नाव घ्या.’ ‘माझ्या कष्टांचं काय’ हा विषय निघाला तर निघू द्या. त्यांनी कष्ट केलेत, मान्य करा, आणि वाक्य पुन्हा म्हणा.

त्या मुलाला मात्र आजच फोन करा. यासाठी सरांची परवानगी लागत नाही. त्याला घरी बोलवा, बाबांसमोर बसवा. चूक काढणारं पोर बाबांना आवडेल, असं मला उगाच वाटतंय. पुढची बैठकही तुमच्याच घरी भरवता येईल, सर आले तर त्यांनाही पोहे द्या.

आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांनी खरंच बाबांचं नाव घेतलं, तर मनापासून टाळी वाजवा. फक्त त्याआधी घरच्या कपाटात वह्या पाचच्या पाच आहेत ना, ते मोजून निघा.

तुमची,
ताई