कवितेच्या उपक्रमांसाठी अनुदान कुठून मिळेल?

तुमचा प्रश्न मला असा कळला: तालुक्याच्या गावी सहा वर्षं दरमहा कविकट्टा भरवताय, आता आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत मुलांसाठी कवितेच्या कार्यशाळा घ्यायच्यात, संस्था अजून नोंदलेली नाही, तर अनुदान कुठे मागावं? मी कवी नाही. बँकेत नोकरी केली, त्या पापापोटी एका साहित्य मंडळाचं खजिनदारपद 11 वर्षं गळ्यात आहे. तेव्हा हे उत्तर खजिनदाराचं समजा.

मी आजवर भरलेल्या एकाही अर्जात 'कविता' असा रकाना नव्हता. रकाने असतात ते कार्यशाळा, महोत्सव, चर्चासत्र, लाभार्थी किती, दिवस किती. उदाहरणार्थ केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत कार्यक्रमांसाठी अनुदान आहे, 'कल्चरल फंक्शन अँड प्रॉडक्शन ग्रँट' या नावाचं. सर्वसाधारणपणे एका प्रकल्पाला 5 लाखांपर्यंत, पण एकूण खर्चाच्या 75 टक्क्यांच्या आतच. म्हणजे 2 लाखांचं अंदाजपत्रक जसंच्या तसं मंजूर झालं तरी 50 हजार गावातूनच उभे करायचे. शिवाय पैसे हप्त्यांनी येतात, शेवटचा हप्ता हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) गेल्यावर. मंडपवाला आणि छापखानेवाला तोवर थांबत नाहीत. अर्ज करताना हे 50 हजार आणि ही मधली उधारी कोण सोसणार, त्याचं नाव आधी कागदावर लिहा.

नोंदणीचं म्हणाल तर महाराष्ट्रात किमान सात सभासद घेऊन 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, धर्मादाय कार्यालयात. संस्थेच्या घटनेचा, म्हणजे नियमावलीचा, मसुदा बाहेरून टाइप करून आणलात तर त्यात वृक्षारोपणापासून रक्तदानापर्यंत सगळं सापडेल, फक्त साहित्य नसेल. आमच्या पहिल्या मसुद्यात नव्हतंच. 'भाषा, साहित्य, वाचन आणि शालेय मुलांचं सर्जनशील लेखन' हे शब्द उद्दिष्टांत स्वतः घाला, कारण पुढे प्रत्येक देणगीदार तेच पान उघडतो. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. साहित्य मंडळांत रुसवेफुगवे किती असतात हे तुम्ही जाणताच; दोन वर्षांचे बदल अर्ज तुंबले की अनुदानाच्या अर्जावर सही कुणाची चालणार, हाच वाद सुरू होतो. त्यानंतर पॅन, बँक खातं, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलवरची नोंद आणि आयकराची करसवलतीची नोंदणी, जिला 12ए व 80जी म्हणतात. ती पहिल्यांदा तात्पुरती मिळते. 2 हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय.

एवढं सगळं झेपणार नसेल तर दुसरी वाट आहे आणि तुमच्या जागी मी आधी तीच बघेन. महाराष्ट्र साहित्य परिषद किंवा कोकण मराठी साहित्य परिषद यांच्या शाखा गावोगावी आहेत. जवळच्या शाखेशी जोडून घ्या, किंवा गावच्या सार्वजनिक वाचनालयाबरोबर उपक्रम करा. वाचनालयाकडे नोंदणी असते, सभागृह असतं, खुर्च्या असतात. तुमच्याकडे कवी आहेत.

राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे, कट्ट्यासाठी नाही. तिथे वेळ घालवू नका. साहित्य अकादमीकडे रोख मागण्यापेक्षा सहकार्य मागा. त्यांचा 'ग्रामलोक' हा खेड्यापाड्यांतला कार्यक्रम तुमच्या गावी घेता येईल का, असं पत्र लिहा.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च, त्याविषयी एक गैरसमज. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के द्यावे लागतात, कंपनी कायद्याच्या परिशिष्ट 7 मधल्या कामांच्या यादीत शिक्षणही आहे आणि कला-संस्कृतीही. मुलांच्या कार्यशाळा 'शिक्षण' म्हणून मांडा, लवकर ऐकून घेतील. पण सहकारी साखर कारखाना कंपनी कायद्यात येत नाही, त्याला हे बंधन नाही. चेअरमनसाहेब स्वतः गझल लिहीत असतील तर गोष्ट वेगळी. आणि तुमचा न्यू जर्सीचा भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याचे स्वतःचे असतील तर चालतं. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय त्याचा एक रुपयाही संस्थेला घेता येत नाही, सख्खा असला तरी.

खरं तर पहिल्या वर्षी तुम्हाला अनुदान लागतच नाही. आमचा एका शाळेचा खर्च असा: दोन मार्गदर्शकांचं मानधन प्रत्येकी 1000, एसटीभाडं, 40 वह्या, चहा-बिस्किटं आणि शेवटी मुलांच्या कवितांची 16 पानी झेरॉक्स पुस्तिका. साडेचार हजारांत बसतं. तीन शाळा करा, गावातल्या 14 माणसांकडून हजार-हजार घ्या. पुस्तिका प्रत्येक देणगीदाराच्या घरी स्वतः नेऊन द्या. आमच्या एका पुस्तिकेत चौथीतल्या मुलीने विहिरीवर चार ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून पाइपच्या दुकानदाराने पुढच्या दोन शाळांचे पैसे दिले. तिसऱ्या वर्षी अर्ज कराल तेव्हा तेच ताळेबंद आणि तीच पुस्तिका सोबत जोडायला येतात.

मात्र पहिल्या दिवसापासून व्हाउचर ठेवा. आमचा एका मंजूर अनुदानाचा दुसरा हप्ता पाच महिने अडकला, तो कवींमुळे. सहा जणांपैकी चौघांनी मानधनाच्या पावतीवर टोपणनावाने सही ठोकली होती, लफ्फेदार, खाली चंद्रकोर काढून. बँक खाती अर्थातच खऱ्या नावाची. हिशेब तपासनिसाने विचारलं, हे 'निशिगंध' कोण, आणि यांचे पैसे पाटलांच्या खात्यात कसे? पाचव्याने तर पाकीट प्रेमाने परत केलं होतं, पण पावती नीट सही करून गेला. ती रक्कम देणगी म्हणून दाखवून त्याला उलट पावती फाडावी लागली. चौघांकडून प्रतिज्ञापत्रं गोळा करता करता माझे दोन उन्हाळे गेल्यासारखे वाटले. तेव्हापासून व्हाउचरवर 'बँक खात्यावरील नाव' हा रकाना छापूनच घेतलाय, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: टोपणनाव चालणार नाही.