जखम उघडी ठेव

प्रिय डॉक्टर,

(परवापरवापर्यंत नावानं हाक मारत होतो. आता सरकारी सेवेचा बाँडसुद्धा संपला तुझा, तेव्हा डॉक्टरच म्हणतो.)

दक्षिण सुदान, सहा आठवडे, सर्जन म्हणून. "सर, जाऊ का?" असं विचारलंयस आणि खाली तिकिटाची तारीखही लिहिली आहेस. म्हणजे ठरलेलंच आहे. तेव्हा तिथं पोचल्यावर काय, तेवढंच लिहितो.

आधी जखमेचं. आपल्याकडे कॅज्युअल्टीत कोयत्याची जखम आली की धुतली, शिवली, पेशंट घरी. गोळीची जखम तशी नसते. बाहेरून रुपयाएवढं भोक आणि आत मेलेला स्नायू, सदऱ्याच्या चिंध्या, माती. मेलेलं सगळं कापून काढायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं आणि जखम उघडी ठेवून वर जाडसर कोरडं ड्रेसिंग बांधायचं. ताप चढला नाही, घाण वास आला नाही, तर चार-पाच दिवस त्याला हात लावायचा नाही. मग ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, उघडायचं आणि स्वच्छ असेल तरच टाके घालायचे. रेड क्रॉसचे सर्जन हेच शिकवतात. जाण्याआधी तूही वाचशील.

मलाही पाठ होतं. 2017 साली गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गुराखी पोरगा आला, मांडीतून गोळी आरपार. साफ केल्यावर जखम इतकी लालचुटूक दिसायला लागली की हात शिवशिवले, आणि मी ती शिवून टाकली. ओटीतला नर्स गॉजचा गठ्ठा हातात घेऊन उभा होता. क्षणभर थांबला आणि त्यानं तो गठ्ठा परत ट्रेमध्ये ठेवला. बोलला काही नाही. चौथ्या दिवशी टाके तोडले तेव्हा शेजारच्या खाटांवरचे लोक नाक धरून उठले. पाय वाचला, पण त्या पोराला आणखी तीनदा ओटीत घ्यावं लागलं, आणि तीनही वेळा तोच नर्स माझ्या समोर उभा होता.

नंतर त्याला विचारलं, तेव्हाच बोलला का नाहीस? म्हणाला, "तुमच्या आधीच्या सर्जनना बोललो होतो. त्यांना आवडलं नाही."

देश 9 जुलै 2011 ला स्वतंत्र झाला आणि डिसेंबर 2013 मध्ये राजधानी जुबात यादवी पेटली. तेव्हापासून तो माणूस गोळ्यांच्या जखमा बांधत होता. आमच्यासारखे सहा-सहा आठवड्यांचे किती सर्जन त्यानं येताना-जाताना पाहिले असतील! म्हणून सांगतो, पहिले आठ दिवस प्रत्येक केसच्या आधी विचार, "तुम्ही इथं हे कसं करता?" आणि विचारून गप्प बस. ती माणसं लगेच बोलत नाहीत. तुला उत्तर खरंच हवंय की नुसती रीत पाळतेयस, हे आधी बघतात.

हाडांच्या बाबतीत प्लेट-स्क्रू विसर. तसल्या ओटीत हाडात इन्फेक्शन गेलं तर ते निस्तरायला तू तिथं नसशील. मांडीचं हाड मोडलं की ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून पाय ताणून ठेवायचा, साधारण सहा आठवडे. तू गेल्या गेल्या लावलेलं ट्रॅक्शन तू निघताना सुटेल. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझ्या डोळ्यांदेखत होणारं ते बहुधा एकच काम.

सिझर तुलाच करावं लागेल, वेगळा गायनॅक मिळेलच असं नाही. आणि तिथं आपली सगळी सवय उलटी करावी लागते. आपल्याकडे जरा शंका आली की घे ओटीत. तिथं पहिलटकरणीच्या पोटावर सुरी ठेवताना तिचं पुढचं बाळंतपण डोळ्यांसमोर आणायचं. तिथली जमीन आपल्याकडच्यासारखीच काळी, चिकण. मे ते ऑक्टोबर पावसात पाय गुडघाभर रुततो, विमानाची मातीची धावपट्टी बंद पडते. पुढच्या खेपेला तिला त्याच चिखलात, तिच्या तुकुलमध्ये, म्हणजे गवती छपराच्या झोपडीत, कळा सुरू होतील आणि जुना व्रण आतून फाटला तर दोन दिवसांच्या वाटेवरही दवाखाना नसेल. अडलेल्या बाईला ताटकळत ठेव असं मुळीच म्हणत नाही. जिथं लागेल तिथं कर, पटकन कर. पण तिथल्या सुईणीचा व्हॅक्यूमवरचा (बाळाच्या डोक्याला पेला लावून ओढायचं साधन) हात आपल्यापेक्षा चांगला असतो, तिला संधी दे. आणि सिझर केलंसच, तर दुभाष्याला घेऊन नवऱ्याला आणि सासूला बसवून सांग की पुढच्या वेळी शेवटच्या महिन्यात दवाखान्याजवळ येऊन राहायचं. घरी सोडताना आणखी एकदा सांग. मी दोन बायकांच्या बाबतीत हे घाईत राहू दिलं. त्या अजून आठवतात.

युनोच्या शांतिसेनेत आपल्या लष्कराच्या तुकड्या तिथं आहेत. कुणीतरी मराठी बोलणारा जवान भेटेल, मेसमध्ये वरणभाताला बोलावेल. जीव तुटतो, पण नाही म्हणायचं. त्यांच्या गाडीत बसायचं नाही. त्यांचं काही चुकतं म्हणून नव्हे. दवाखान्याच्या फाटकावर बंदुकीवर फुली मारलेली पाटी असते. आत दोन्ही बाजूंची माणसं शेजारशेजारच्या खाटांवर असतात. डॉक्टर कुणाच्या गाडीतून उतरते, हे ती सगळी बघत असतात.

निघण्याआधी सत्कार बित्कार होऊ देऊ नकोस. शाल-श्रीफळ झालं की कुणीतरी उठून "कोटणीसांचा वारसा" म्हणणारच. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. 1938 साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, चौघं परतले, ते राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. सहा आठवडे जाणाऱ्यांनी त्यांच्याशी बरोबरी सांगू नये. त्यांनी चिनी मात्र चांगली शिकून घेतली होती, तेवढं उचलायला हरकत नाही. तिथली भाषा न्यूएर असो की डिंका, "दुखतंय का", "श्वास घे", "झालं आता" एवढं तरी पहिल्या रविवारी शिकून घे.

बाकी किरकोळ. यलो फीवरची लस निदान दहा दिवस आधी घे आणि कार्ड सांभाळ, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकशील. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण घे. "आपल्याला काय, लहानपणापासून डास चावतात" हा शहाणपणा आपल्या डॉक्टरांमध्येच जास्त. पेशंटचे फोटो कुठंही टाकायचे नाहीत, चेहरा झाकूनसुद्धा नाहीत. आईला खरं सांग. फोन लागला नाही की ती मनात त्याहून वाईटच रंगवते.

शेवटचे चार दिवस ऑपरेशनं कमी घे. कुणाचं ड्रेसिंग कधी उघडायचं, कुणाचं ट्रॅक्शन कधी काढायचं, हे वहीत लिही. मग ती वही घेऊन तिथल्या नर्सबरोबर एकेका खाटेपाशी जा. नवा सर्जन येईपर्यंत, आणि कदाचित आल्यावरही, वॉर्ड त्याच्याच हातात असतो.

जाण्याआधी एकदा घरी चक्कर मार. जनरेटर नेमका पोट उघडल्यावर बंद पडतो. माझा डोक्याला बांधायचा दिवा देतो. बॅटरीचं झाकण सैल झालंय, त्यावर चिकटपट्टी लाव.

तुझा,
सर